चिनी पणजोबांचं मूळ गाव कसं शोधायचं? (धुळे-भुसावळ)

तापीकाठ, शहादा
राम राम मंडळी. आईकडचे पणजोबा चिनी. दात बसवायचं काम, आधी धुळ्यात, मग भुसावळला. कागदांत नाव दोन तऱ्हेचं: ‘चेन आ लिन’ आणि ‘चान आलिन’. थडग्याच्या दगडाचा एक फोटो आहे. मोबाईलवर भाषांतर केलं की ‘जंगल’ येतं! सुरुवात कुठून करू?

जुनी_दप्तरं
माणूस एकच दिसतो, भाऊ. चेन हा मँडरिन उच्चार, चान कँटनीज, हाक्का लोकांत चिन; अक्षर तेच. आडनाव आधी येतं. ‘आ’ नुसता हाक मारायचा, नावात धरू नका. ‘जंगल’ म्हणजे लिनचा अर्थ. ॲप नावांचंही भाषांतर करतं.

दगड पुन्हा जाऊन बघा. खडू किंवा पीठ चोळू नका, अक्षरं झिजतात. सकाळी तिरप्या उन्हात, साधं पाणी मारून फोटो काढा. ओळी उभ्या असतात, वाचायच्या उजवीकडून. मधली मोठी ओळ नावाची. बाजूच्या ओळींत प्रांत, परगणा, कधी गावही, आणि तारीख. तीच ओळ सोन्याची, आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. आकडे सोपे आहेत: एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. दोन रेघा, अधिक, दोन रेघा म्हणजे २२. साल चिनी प्रजासत्ताकाचं असेल तर १९११ मिळवा: १९३३. महिना चांद्र असू शकतो, त्यामुळे मृत्यूच्या नोंदीशी महिनाभराचा फरक पडला तर घाबरू नका.

केळीचं_पान, रावेर
इकडची दप्तरं: १९०६ ते १९६० धुळं म्हणजे पश्चिम खानदेश, भुसावळ पूर्व खानदेशात. अर्जात ‘जळगाव जिल्हा’ एवढंच लिहिलं तर जुनी यादी कुणी उघडत नाही. जन्म-मृत्यू नगरपालिकेत, खेड्यात गाव नमुना १४. जुनी पानं मोडीत, वाचणारा सोबत न्या. मुलांच्या शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका.

१९३९ च्या कायद्याने परदेशी माणसाची नोंद पोलिसांकडे व्हायची. माहिती अधिकारात ‘पणजोबांची माहिती द्या’ असं विचारलं की ‘उपलब्ध नाही’ हे ठरलेलं उत्तर. ‘अमुक सालांची परदेशी नागरिक नोंदवही पाहू द्या’ असं मागा. १५० शब्दांत, एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. १९६२ च्या चीन युद्धानंतर नोंद अचानक तुटली तर राजस्थानातल्या देवळी छावणीचा विचार करा. तिथे सुमारे ३००० चिनी वंशाचे लोक ठेवले होते, त्यांत भारतात जन्मलेलेही.

जुनी_दप्तरं
एक राहिलं. भारतातले चिनी दातवाले बरेचसे हूबेईचे, म्हणून तो प्रांत आधी तपासा. मुंबईत माझगावचं चिनी मंदिर सी यूप, म्हणजे दक्षिणेतल्या क्वांगतुंगच्या चार परगण्यांतल्या लोकांचं. तिथे तुमचं नाव नसलं तर नवल नाही.

चिंचेची_सावली
वंशावळ, म्हणजे ज्यापू, शेवटी बघा. शांघाय ग्रंथालयात मोठा साठा आहे, फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या वेबसाइटवर स्कॅन फुकट. पण परगणा कळल्याशिवाय ‘चेन’ टाकलंत तर बुडालात. आपल्याकडे नुसतं ‘पाटील’ शोधल्यासारखं. मुली बहुतेक नोंदवलेल्या नसतात, बायका माहेरच्या आडनावानेच. भावांच्या नावांत एक अक्षर समान असेल तर ते पिढीचं. दोन भावांची नावं आठवतात का घरात कुणाला?