मुलं आनंदानं चर्चला निघावीत म्हणून तुम्ही काय करता? अनुभव लिहा

आपल्या विदर्भातल्या खेड्यांत चर्चच्या मंडळ्या लहान, उपासना लांब, आणि लेकरांच्या वाट्याला नुसतं "गप बस." परमेश्वराच्या घरी जायचं म्हटल्यावर मला आनंद झाला, असं बायबलच्या स्तोत्र 122 मध्ये आहे. हा आनंद तुमच्या घरच्या लेकरांना कसा लाभला, ते सविस्तर सांगा.

दर्यापूरकडची आई
धाकटा "मी नाही येत चर्चले" म्हणून खाट सोडत नव्हता. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याच्या हाती खंजिरी दिली. आमच्याकडे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-ढोलकीवर होतात. सुरुवातीला ह्याचा ताल भलतीकडेच जायचा, पण कोणी खंजिरी काढून घेतली नाही. ढोलकीवाले काका त्याच्याकडे बघून मान हलवत ठेका दाखवायचे. आता शनिवारी रात्रीच खंजिरी पिशवीत घालून दाराला टांगतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, म्हणून निरक्षर सासूबाई अन् नातू दोघंही तोंडपाठ गातात. लेकरांना आधी भजन द्या, कोरस म्हणजे ती छोटी स्तुतिगीतं नंतर.

यवतमाळ जिल्हा, शब्बाथशाळा शिक्षक
कापूस वेचणीत आईबाप शेतात असतात, पोरं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाला, एकटीच येतात. हंगामाच्या उपासनेला मी त्यांना सांगतो, अर्पण स्वतः जमवून आणा. कोणी तुरीच्या शेंगा आणतं, कोणी अंडी. एकीच्या घरी शेतीच नाही. तिनं धुऱ्यावरची बोरं वेचून ओढणीत बांधून आणली. अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात एका आजोबांनी चढत्या बोलीनं ती घेतली आणि तिथंच पोरांत वाटली. पुढच्या रविवारी ती वस्तीतल्या मैत्रिणीला सोबत घेऊन आली.

बुलडाणा
निघण्याआधी पोटभर भाकर खाऊ घाला. उपाशी लेकराला कसला आनंद!

अचलपूर, आजोबा
हजेरीसाठी चॉकलेट वाटणं मला पटत नाही. चॉकलेट बंद झालं की पोरगंही बंद होतं. मी शनिवारी रात्री गोष्ट अर्धीच सांगतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, आईबाप तीन दिवस शोधत होते... कुठं सापडला? उद्या शब्बाथशाळेत विचार. सकाळी नातीच माझा हात ओढतात.

वाशीमकडची ताई
आमचे पाळक बऱ्याच गावांची मंडळी सांभाळतात, शब्बाथशाळा घ्यायला कोणी नाही. मोठ्या पोरींनी घेतली तर चालेल का?

यवतमाळ जिल्हा, शब्बाथशाळा शिक्षक
चालते ताई. आमच्याकडे लहानांचा वर्ग नववीतली मुलगी घेते. फक्त गोष्ट तिला सोमवारीच द्या, म्हणजे आठवडाभर घोळवता येते.