एथिक्स कमिटी म्हणतेय मुकादमाची सही आणा. उत्तर काय लिहू?

रानवाट:
नमस्कार. सामाजिक कार्य विषयात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय आहे ऊसतोड बायकांचं दुखणं आणि खाडा. पाठ धरलीय, पाळी आलीय, ताप आहे, तरी बाई फडात का जाते, आणि नाही गेली तर त्या दिवसाचा हिशेब कोण कसा लावतो. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतून सांगली-कोल्हापूरकडे येणाऱ्या टोळ्यांतल्या चाळीस जणींशी बोलायचं ठरवलंय.

सोमवारी विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचं पत्र आलं. टोळीच्या मुकादमाचं (कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराचं) लेखी परवानगीपत्र जोडा. चार पानी संमतीपत्रावर प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या. आणि गर्भपिशवी काढण्याबद्दलचे प्रश्न 'संवेदनशील' आहेत, ते वगळा.

जानेवारीत मी नुसती ओळख करून घ्यायला एका ठिकाणी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, गेले होते. गाडी भरून बायका सात वाजता परतल्या, चुली पेटल्या. एकीशी बोलत होते तेवढ्यात मुकादम येऊन शेजारी बसला. वागायला चांगला होता, माझ्यासाठी चहा सांगितला. पण ती बाई बोलायची थांबली. तर तो म्हणाला, "विचारा ना मॅडम, सांगतील त्या. मी सांगितलंय त्यांना." मग ती बोलायला लागली, खाली बघून, एकेका शब्दात. त्या जोडप्यानं त्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली आहे. ती फिटेपर्यंत त्यांचा अख्खा हंगाम त्याच्या शब्दावर. अशा बाईचा होकार मी होकार कसा धरू? आणि त्याच माणसाची सही मी कमिटीला 'परवानगी' म्हणून नेऊन देऊ?

गाईड म्हणतात वाद घालू नका, सही आणा, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. मंजुरीआधी एकही मुलाखत घ्यायची नाही हे मला पूर्ण मान्य आहे. कमिटी नको असं मी म्हणतच नाही. तिनं ती संध्याकाळ समजून घ्यावी एवढंच वाटतं.

तिसरा मुद्दा तर फार लागला. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा सगळ्यांना माहीत आहे. त्या बाईला मात्र विचारायचं नाही?

सभासद_आठवर्षं:
मी दुसऱ्या एका संस्थेच्या कमिटीवर आठ वर्षं आहे, डॉक्टर नसलेली सदस्य म्हणून. तुमच्या कमिटीनं दोन वेगळ्या गोष्टी एक केल्यात असं दिसतं. एखाद्या जागेत शिरायला तिथल्या माणसाची हरकत नाही ना, हा एक प्रश्न. बाईनं बोलायचं की नाही, हा दुसरा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की समूहाच्या म्होरक्यानं हो म्हटलं तरी व्यक्तीची स्वतंत्र संमती घ्यावीच लागते. उत्तरात हेच आधी लिहा.

आणि खम्ममची आठवण करून द्या. २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा प्रकल्प तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात झाला. खम्मममध्ये आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर कितीतरी ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. तुमच्या अभ्यासात सुई नाही, औषध नाही, हे खरं. पण ज्याच्या हातात त्या माणसाची भाकरी, त्यानंच त्याच्या वतीनं हो म्हणायचं, ही पद्धत तीच आहे.

अंगठ्याचं सांगते. वाचता न येणाऱ्या बाईला मजकूर वाचून दाखवायचा आणि त्या वेळी तटस्थ, साक्षर साक्षीदार हजर हवा, त्याची सही घ्यायची. तटस्थ म्हणजे मुकादम नव्हे, त्याचा पोरगाही नव्हे. लेखी संमतीनंच धोका वाढत असेल तर कारण देऊन तोंडी संमतीची मुभा मागता येते, फक्त ती कमिटीनं आधी मंजूर करावी लागते. तुम्हाला ते कारण शोधायला लांब जायची गरज नाही.

'संवेदनशील म्हणून वगळा' हे मला पटत नाही. आमच्या कमिटीतही असं होतं, आणि मी प्रत्येक वेळी म्हणते की प्रश्न नाजूक असेल तर तो विचारायची पद्धत तपासा. बाई मध्येच रडली तर काय करणार, कुठल्या दवाखान्याशी आधी बोलून ठेवलंय, तिला तिथवर कोण नेणार, हे एक पान लिहून जोडा. असा अर्ज मी कधी नाकारलेला नाही.

कोपीतला_पोर:
ताई, माझे आईवडील कोयता घेऊन जायचे. मी दुसरीपासून सहावीपर्यंत कोपीत राहिलो. कागदाबद्दल सांगतो. आमच्याकडे अंगठा उमटवायचा तो उचल घेताना. दुसऱ्या कशाला आईनं अंगठा दिलेला मला आठवत नाही. तुम्ही चार पानं पुढं केलीत की तिला पहिलं वाटणार, आता हे कशाचं देणं? तुम्ही कितीही समजावलं तरी.

पण मुकादमाला टाळून जाऊ नका. तुम्ही रात्री गाडीत बसून निघून जाल, ती बाई तिथंच राहणार. त्याला भेटा, काय करताय ते सांगा. कोण बोलली, कोण नाही, ते मात्र त्याला कळता कामा नये. टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे तेवढीच जोडपी. एका कोपीत तास काढलात की सगळ्यांना कळतं.

म्हणून गावी या. उन्हाळ्यात आम्ही परत आलेलो असतो. बाई स्वतःच्या घरात असते, पाच जणी पडवीत बसतात. तिथं ती "नाही बोलायचं" असं तोंडावर म्हणू शकते. फडात ती ते म्हणणार नाही.

अजून एक. एकदा एक मुलगी आली होती, आईला दोन तास विचारत होती, मोबाइलमध्ये भरत होती. आई अजून विचारते, त्या पोरीनं आमच्या बोलण्याचं काय केलं? तुम्ही परत जाऊन सांगणार असाल तर ते आधी ठरवा, त्याचा एसटीचा खर्चसुद्धा धरा.

नोंदवही:
मी कायदा मदत केंद्रात काम करते. कुणी काढला नाही म्हणून एक मुद्दा लिहिते. या भागात लवकर लग्नं होतात. बोलता बोलता एखादी म्हणेल, सून सोळाची आहे, पोटुशी आहे. पोक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा, त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा माहीत झाला तर कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातून संशोधकाला सूट नाही. मग 'तुमचं बोलणं कुणालाही सांगणार नाही' हे वचन तुम्ही पाळू शकणार नाही. बोलायला बसायच्या आधी, साध्या शब्दांत, ही मर्यादा तिला सांगा. कमिटीवर कायद्याचा जाणकार सदस्य असतो, वाक्यरचना त्याच्याकडून लेखी घ्या.

रानवाट:
दोन दिवस हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. पोक्सोचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि संमतीपत्रात मी नेमकं तेच वचन ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते काढलं.

मुलाखती आता गावात, मे-जूनमध्ये घेणार. गाईडना सांगितलं की अर्धं वर्ष जाईल. ते नाराज आहेत, पण नाही म्हणाले नाहीत. कोप्यांवर फक्त मुकादमाला भेटून येणार आणि हिशेबाची पद्धत त्याच्याकडूनही समजून घेणार. तोही या साखळीतला माणूस आहे, कारखान्याकडून त्यानंही पैसे उचललेले असतात. चार पानांचं एक पान केलं, तोंडी संमती मागितली, साक्षीदार म्हणून दुसऱ्या गावच्या आशाताईंना विचारतेय. गर्भपिशवीचे प्रश्न ठेवलेत, सगळ्यात शेवटी, आणि ते विचारू का असं आधी विचारून.

कोपीतला_पोर, एक विनंती. ते एक पान तुम्हाला निरोपात पाठवलंय. आईंना वाचून दाखवाल का? कुठं अडतात ते कळवा.

कोपीतला_पोर:
काल रात्री वाचून दाखवलं. 'संशोधन'ला थांबली, मी अभ्यास म्हटलं तर कळलं. 'सहभाग ऐच्छिक आहे' हे तर मलाच दोनदा वाचावं लागलं, ते बदला. बाकी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्या नाही म्हनलं तर ती मुकादमाला सांगंल का?" मी म्हटलं, लिहिलंय की, सांगणार नाही. कुठं लिहिलंय, म्हणाली. खाली नवव्या ओळीत होतं. तेवढं सगळ्यात वर घ्या, ताई.