मदत हवी आहे: वाईतल्या सायकल राइडला माणसं कशी वाढवावीत?

मंडळी, नमस्कार.

आम्ही वाईतले सात-आठ जण गेली तीन वर्षं डिसेंबरमधल्या एका रविवारी सायकल राइड घेतो. धोम धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या वाड्यांमधून शाळेत चालत येणाऱ्या मुलींना राइडच्या पैशातून सायकली द्यायच्या, एवढ्यासाठीच. त्या मुली सकाळी पाच-सहा किलोमीटर चालतात, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मी याच भागात शिक्षिका आहे. दर जूनमध्ये हजेरी घेताना दोन-तीन नावांना 'हजर' येत नाही आणि ती नावं बहुतेक लांबच्या वाड्यांवरच्या मुलींचीच असतात.

मार्ग दोन आहेत. वाई-मेणवली-धोम आणि परत, हा सपाट, कुणालाही जमेल असा. दुसरा पसरणी घाटातून पाचगणी आणि परत. त्यात चढ चांगलाच आहे.

अडचण माणसांची. पहिल्या वर्षी ६४, मग ७१, गेल्या वर्षी ५८. चेहरेही तेच. शुल्क ५०० रुपये, त्यातले साडेतीनशे टी-शर्ट, मेडल, नाश्ता आणि रुग्णवाहिका यात जातात. गेल्या वर्षी साडेआठ हजार उरले. पदरचे घालून दोन सायकली घेतल्या. यादीत १९ मुली होत्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरवलं, एसटी स्टँडजवळ फ्लेक्स लावला, फेसबुकवर तीन हजारांची जाहिरात केली. लाइक भरपूर आले, नोंदण्या चार. एकाने सुचवलं की पोस्टरवर अनवाणी चालणाऱ्या मुलींचा फोटो टाका, लोक हमखास येतील. ते मी करणार नाही. त्या मुली उद्या माझ्यासमोर वर्गात बसणार आहेत.

कुणी असा उपक्रम भरवला असेल तर सांगा, नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, फोटोबद्दलचा निर्णय अगदी योग्य.

मी नाशिकला अशा राइड्सच्या आयोजनात असतो. तुम्ही सायकलवाल्यांनाच बोलावताय असं वाटतं. जो दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांत संपवायची तयारी करतोय, त्याला धोमची फेरी कशाला हवी? तो आला तर पाचगणीसाठी येईल, आणि असे मोजकेच असतात. तुमचा खरा माणूस म्हणजे घरात धूळ खात पडलेली सायकल असलेला बँकेतला कर्मचारी, डॉक्टर, शाळेची माजी विद्यार्थिनी. त्याला वाटतं गिअरची सायकल लागेल, आपण मागे पडू, लोक हसतील. म्हणून पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहा: 'साधी सायकल चालेल. मागे राहिलात तर टेम्पो आहे.' आमच्याकडे महिलांची नोंदणी या एका ओळीने वाढली.

दुसरं, एकेकट्याला विचारू नका. दहा जणांची टोळी आणणारा एक म्होरक्या शोधा. बँकेच्या शाखेतून एक, दवाखान्यातून एक, दहावीच्या जुन्या बॅचमधून एक. असे बारा म्होरके मिळाले की १२० माणसं झाली. फ्लेक्सपेक्षा म्होरक्याचा फोन कितीतरी कामाचा.

आणि टी-शर्ट शुल्कातून काढा. हवा त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावा. मग उघड सांगता येईल की एका टोळीची एक सायकल. 'मदतनिधी' हा शब्द लोकांच्या डोळ्यांसमोर काही उभं करत नाही, सायकल करते.

प्रतिसाद २

मी पुण्याहून गेल्या वर्षी यायचं ठरवून आले नाही, म्हणून कारण सांगते. सुरुवात सकाळी ६ ला होती. म्हणजे तीन वाजता उठून, गाडीमागे सायकल बांधून, अंधारात खंबाटकी घाट. नवऱ्याने आणि मैत्रिणीने दोघांनीही नको म्हटलं. साडेसातला निघालात तर आम्ही चौघी येऊ. नाहीतर आदल्या रात्री एखाद्या मंगल कार्यालयात गादी आणि पिठलं-भाकरी द्या, त्याचे वेगळे पैसे आनंदाने देऊ.

तारखेचंही बघा. डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे पुण्यात परंपरेने आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. निम्मा गट तिकडे जातो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गेल्या वर्षी आमची राइड पहिल्याच रविवारी होती! यंदा तिसरा रविवार धरते, आणि धोम मार्ग साडेसातला. पाचगणीवाले साडेसहाला निघतील, नाहीतर उतरताना घाटात पर्यटकांच्या गाड्या लागतात.

टी-शर्टबद्दल मंडळात वाद होईल, पण शुल्क ५०० च ठेवून दहा जणांमागे एक सायकल बसते का ते आज हिशोब करून बघितलं. मेडलही काढलं तर बसते. मेडलऐवजी मुलींनी वर्गात रंगवलेलं कार्ड द्यावं का? त्यांना आवडेल, पण विचारूनच ठरवीन.

एक प्रश्न उरला. म्होरक्यांना पहिला फोन किती आधी करावा? आमच्याकडे निम्मी नोंदणी शेवटच्या चार दिवसांत होते आणि नाश्त्याचा अंदाज दर वर्षी चुकतो.