बिलासाठी मोबाइल नंबर कशाला?

‘ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने आपल्या व्यवहारांच्या नोंदींना का भ्यावे?’ असे काही जण विचारतात; हा मुद्दा मला पटत नाही. गेल्या महिन्यात आईसाठी साडी घ्यायला आम्ही जळगावच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. रोख पैसे पुढे केले, तरी गल्ल्यावरच्या मुलाची बोटे की-बोर्डवर थांबलेलीच; नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही, असे त्याने सांगितले. आईने नंबर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर सवलतींचे संदेश सुरू झाले.

आमच्या गावच्या किराणा दुकानदाराकडेही उधारीची वही होती आणि कोणाकडे पाहुणे आले आहेत, हे त्याला साखरेच्या मापावरून कळत असे. पण ती वही कोणाच्या हाती आहे हे आम्हाला ठाऊक होते, आणि हिशेब चुकता झाला की तो आमच्यादेखत नावावर काट मारी. टोलनाक्यावर गाडीची नोंद होऊन पैसे कापले जातात, त्या फास्टॅगबद्दलही माझी तक्रार नाही, कारण तिथे नोंद कशासाठी होते ते निदान कळते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, आणि बिलासाठी ग्राहकांकडे मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. हे वाचून दाखवल्यावर परवा भुसावळच्या दुकानात आईने ठामपणे नकार दिला; मालकाला बोलावावे लागले, पण बिल निघाले.