बकिंगहॅम राजवाड्यात मुलांना जागा कुठून काढली?

प्रश्न (बाळीवेस): सोलापूरचं इंद्रभुवन हा वारदांचा राहता वाडा, आता महापालिकेचं कार्यालय. त्यावर भित्तिपत्रक करतोय. शेजारी उलट, म्हणजे दरबारी वाडा राहतं घर झाल्याचं उदाहरण हवंय, राणी व्हिक्टोरियाचा लंडनचा बकिंगहॅम. नेमकं काय बांधलं, पैसा कुठला, चुकलं काय?

चौक_सोपा: राणी 1837 मध्ये राहायला आली तेव्हा वास्तू तीनच बाजूंची होती, पूर्वेला मोकळी. दिवाणखाने भव्य, पण धुराडी धूर आत सोडायची आणि मुलांच्या खोल्याच नाहीत. 1845 पर्यंत चार मुलं झाली, ती नोकरांसाठी बांधलेल्या माळ्यावर. मग वास्तुविशारद एडवर्ड ब्लोरने 1847 ते 1850 मध्ये पूर्वेची बाजू बांधून काढली, म्हणजे वाडा चौसोपी झाला! संसदेने निधी दिला, शिवाय ब्रायटनचा राजवाडा 53,000 पौंडांना विकून भर घातली.

बांधकामाइतकाच कारभारही लिहा. चुलाण्यात लाकडं रचायची एका खात्याने, पेटवायची दुसऱ्याने. खिडक्यांच्या काचा आतून एक खातं पुसणार, बाहेरून दुसरं. दोन्ही एकाच वेळी क्वचितच स्वच्छ. हा विस्कटलेला कारभार राणीचा नवरा अल्बर्ट याने मार्गी लावला. घर घरासारखं चालायला लागलं ते त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

दगडमाती: चुकलं ते दर्शनी दगडात. फ्रान्समधल्या कां (Caen) गावचा दगड वापरला. तो मऊ चुनखडी, कोरायला सोपा. पण कोळशाच्या धुरातलं गंधक ओलाव्याबरोबर चुन्यावर बसलं की त्याचा जिप्सम (एक मऊ क्षार) होतो, पापुद्रा फुगतो आणि सुटतो. म्हणून 1913 मध्ये वास्तुविशारद ॲस्टन वेबने दर्शनी भाग पोर्टलंड दगडाने (इंग्लंडमधली जास्त टणक चुनखडी) मढवला. दगड आधीच घडवून ठेवले होते, त्यामुळे चढवायला 13 आठवडे पुरले. आपल्या काळ्या पाषाणात चुनखडी नाही, त्याला हा रोग असा लागत नाही. पण चुन्याचा गिलावा आणि नक्षी असेल तिथे लागतो, इंद्रभुवनाबद्दल लिहिताना हे ध्यानात ठेवा.

बाळीवेस: आभार. बकिंगहॅमसमोरची संगमरवरी कमान राजाची बग्गी मावेना म्हणून हलवली, हे घालू का?

चौक_सोपा: नको, ती दंतकथा. नव्या बाजूने पुढचं अंगण बंद झालं, म्हणून कमान हाइड पार्कच्या कोपऱ्यावर नेली, 1851 मध्ये. त्याऐवजी राजघराणं जिथून लोकांना दर्शन देतं तो सज्जा घाला: तो याच पूर्वेच्या बाजूचा, आणि राणी त्यावर पहिल्यांदा आली तीही 1851 मध्येच.