बटाट्याची सालं आणि धुराडं
शेकोटीत बटाट्याची सालं जाळली की धुराडं आपोआप साफ होतं, असं म्हणतात, ते फार तर अर्धं खरं. काजळी थोडी ठिसूळ होईलही, पण ब्रश चुकत नाही. आत स्टीलचा पाइप असेल तर नायलॉनचा ब्रश घ्या, तारेचा नको, चरे पडतात. आणि माप नळीच्याच व्यासाचं.

एक राहिलंच: आट्यांच्या दांड्या जोडून ब्रश घालत असाल तर त्या घड्याळाच्या दिशेनंच फिरवा. उलट फिरवल्या की आटे सुटतात आणि ब्रश नळीत मध्येच लटकतो, मग बसा गळ टाकत! काजळीचा थर ३ मिमीचा झाला की साफ करायला थांबू नका. डांबरासारखा चकाकता, नखानं न निघणारा थर मात्र ब्रशला दाद देत नाही. तिथे धुराडंवालाच बोलवा, तोवर शेकोटी बंद.