घड्याळातली फ्युझी, काडेपेटीतली फ्युझी आणि गार्डाच्या पेटीतली फ्युझी: शब्द एकच कसा?

गार्डाचीलेक:
वडील भुसावळला गुड्सचे गार्ड होते. त्यांनी कधीतरी जुन्या सामानातून घेतलेलं गोल भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे आहे, तबकडीवर जी.आय.पी.आर. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं. दिवाळीआधी बंद पडलं. एका दुकानात नेलं तर त्यांनी झडपही न उघडता सांगितलं, "मावशी, आतलं सगळं काढून सेलचं मशीन टाकतो." मी तशीच काखोटीला मारून परत आणलं. मग एका वयस्कर कारागिरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाले, "फ्युझीचं आहे हो हे! आतड्याची तात तुटलीय फक्त."

मी चमकलेच. आमच्या घरी फ्युझी म्हणजे बाबांच्या लाइन बॉक्समधली लाल जाळाची नळकांडी. दोन लाल झेंडे, एक हिरवा, पत्र्याच्या डब्यात रुळावर ठेवायचे दहा फटाके आणि ती फ्युझी. आम्हा पोरांना त्या पेटीला हात लावायची बंदी होती. वर आता शब्दकोड्यात 'वाऱ्यात न विझणारी काडी' याचंही उत्तर फ्युझीच निघालं. घड्याळ आणि जाळ यांचा संबंध काय? आणि दुरुस्ती करावी की नाही?

लंबक_वाला:
आधी दुरुस्तीचं. सेलचं मशीन अजिबात टाकू नका ताई. आत पितळेचा एक शंकू दिसेल, वरपासून खालपर्यंत गोल गोल खोबण असलेला, भोवऱ्यावर जाळी गुंडाळल्यासारखा. तीच फ्युझी. शेजारी डबा असतो, त्यात मुख्य स्प्रिंग. दोघांमध्ये तात, पोलादी तार किंवा सायकलच्या चेनची नात शोभेल अशी बारीक साखळी.

गंमत अशी, की स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना जोरात ओढते आणि उलगडत गेली की मवाळ होते. नुसती स्प्रिंग असेल तर घड्याळ आधी पुढे पळणार, मग मागे रेंगाळणार. म्हणून जोर जास्त असताना ओढ शंकूच्या निमुळत्या टोकावर येते आणि जोर कमी झाला की रुंद टोकावर. विहिरीच्या रहाटाचं चाक मोठं केलं की हात हलका लागतो ना, तोच हिशोब. चाकांना पोचणारा जोर जवळपास सारखा राहतो. ही युक्ती फार जुनी आहे. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात साधारण 1430 चं बर्गंडीच्या ड्यूकचं घड्याळ आहे, त्यात फ्युझी आहे. जहाजावरच्या अचूक घड्याळात, म्हणजे क्रोनोमीटरमध्ये तर विसाव्या शतकातही हीच.

साखळ्यांचं मात्र वाईट वाटतं. इंग्लंडात क्राइस्टचर्च गावी त्या बायका आणि लहान मुली घरात बसून जोडायच्या, डोळे जायचे.

एक सूचना: तात तुटली म्हणून स्वतः आत बोटं घालू नका. डब्यातल्या स्प्रिंगमध्ये ताण उरलेला असू शकतो, तो कारागिरालाच उतरवू दे.

माजी_लोकोपायलट:
बाबा गार्ड होते हे वाचून बरं वाटलं. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या तोंडी अजून गार्डच. गाडी घसरून शेजारची लाइन अडली की पहिली आठवण फ्युझीची. टोपण काढायचं, घासायचं, लाल भडका. मग येणाऱ्या गाडीला थांबवायला ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. रात्री खडीवरून 1200 मीटर पळून बघा कोणीतरी. तो लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षाराचा, दिवाळीच्या लाल काडीत असतो तोच.

म्हापशेकर:
शब्दाचं मी सांगतो. मूळ लॅटिन 'फुसुस', म्हणजे आपली चरख्याची चाती. त्यावरून फ्रेंच 'फ्युझे' म्हणजे चातीवर भरलेलं सूत. तात गुंडाळलेला तो शंकू डोळ्यांसमोर आणा, सुताने भरलेली चातीच दिसेल. दारू भरलेली नळीही चातीसारखीच लांबट, म्हणून आजही फ्रेंचात रॉकेटला फ्युझेच म्हणतात. सुरुंगाची वात आणि पेटती नळकांडी त्याच घरातली. काडी या वातीची धाकटी बहीण: एकोणिसाव्या शतकात साहेब लोक वाऱ्यात चिरूट पेटवायला वापरायचे. डोकं भलंमोठं, शोरा आणि कोळशाचं. ज्योत कमी, धुमसणं जास्त.

घरातला उडणारा फ्यूज मात्र यात ओढू नका, तो 'वितळणे' या अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदापासून. आणि आजी पोर्तुगीज बोलायची, तिच्याकडून एक भर: टाइम झोनला त्या भाषेत 'फुझु ओरारियु', म्हणजे वेळेची चाती. पृथ्वीगोलावरची ती उभी फाक दोन्ही टोकांना निमुळती असते म्हणून.

गार्डाचीलेक:
म्हणजे बाबांच्या पेटीत आणि भिंतीवर, दोन्हीकडे चातीच! आज चावीचं भोक पाहताना आठवलं, चालू असताना चावीचा पहिला पीळ आणि शेवटचा पीळ हाताला सारखाच लागायचा. आमच्या दुसऱ्या घड्याळाला शेवटी दोन्ही हात लावावे लागतात.

आता प्रश्न तातीचा. कारागीर म्हणतात तार टाकू. तात मिळते का कुठे?

लंबक_वाला:
तार चालेल, पण तिचे धागे सुटले की पितळी खोबण खरवडते. तात पाहायची तर सारंगीवाल्यांना विचारा, त्यांच्या मुख्य तारा तातीच्याच असतात. मिरजेत तंतुवाद्यांची दुकानं आहेत, तिथे कोणीतरी सांगेल. फक्त खोबणीची रुंदी मोजून न्या, जाड तात एकावर एक चढते.

गार्डाचीलेक:
मिरजेला भाचा आहे. कारागिरांना आजच माप घ्यायला सांगते.